हत्तीदगडावरून चार फोटो

अंकुशमामा एक फोटो विकत नसत. चार घ्या, नाहीतर रामराम.

एकदा पुण्याचे एक डॉक्टर परळीला देवदर्शनाला जाताना सिरसाळ्यात चहाला थांबले. बसथांब्यासमोरच मामांचा स्टुडिओ. भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावरचा एक फोटो डॉक्टरांना रस्त्यावरून दिसला. काळ्या डोंगराच्या पाठीवर टेकलेला सूर्य. ते आत आले आणि म्हणाले, "हा मोठा करून द्या. दवाखान्यात लावायचाय."

"देतो की," मामा म्हणाले. "बाकीचे तीन बी न्यावे लागतील."

"त्यांत काय आहे?"

"पूर्वेला ज्वारी हाय. दक्षिणेला नुसते दगडं. उत्तरेला वाट."

"मला सूर्यास्तच हवाय हो."

"मंग कॅलेंडर घ्या सायेब. बाजूच्या दुकानात हाय. त्यात तारखा बी असत्यात."

डॉक्टर गेले. मी बाकावर बसले होते. मी म्हणाले, "मामा, गिऱ्हाईक घालवलंत." मामा पासपोर्ट फोटो कापत होते. मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईक न्हवतं ते. त्याला एकच भिंत हाय."

त्यांची पद्धत अशी होती. रानात एक जागा धरायची, तिथे स्टँड रोवायचा आणि पाय न हलवता चार फोटो काढायचे. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. क्रम कधी बदलायचा नाही. चारही एका पुठ्ठ्यावर डकवायचे आणि खाली बॉलपेनने लिहायचं, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. ज्यांनी जमिनीचं खरेदीखत पाहिलंय त्यांना ही भाषा माहीत आहे. दस्तात तिला चतुःसीमा म्हणतात. चारी बाजूंना काय आहे ते लिहिल्याशिवाय ती जमीन कुठली, हे कागदाला कळत नाही.

आता बीडमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय. आयोजकांनी 'प्रेरणास्थाने' असा मथळा देऊन माझ्याकडे एक पान मागितलं. मी पत्रकं लिहिणारी बाई. मला निषेध लिहिता येतो, मागण्या लिहिता येतात, खाली 'आपले नम्र' न लिहिता सह्या घेता येतात. कलेवर मी कधी लिहिलेलं नाही. पण मामा कुठून शिकले हे मला माहीत आहे आणि ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय. एका पानात ते बसत नाही. छापायचं तर सगळं छापा, हे मी आधीच कळवलंय.

मामांच्या स्टुडिओत एक पडदा होता. निळं तळं, त्यात दोन हंस, मागे बर्फाचे डोंगर. सिरसाळ्याच्या पंचक्रोशीतली अर्धी लग्नं या तळ्याकाठी जमलेली आहेत, कारण मुलीचा स्थळासाठीचा फोटो इथेच निघायचा. जिथे चैत्रात टँकर येतो तिथली माणसं हंसांसमोर उभी राहायची. मामांनी एकदा तो पडदा काढला आणि स्वतः काढलेला आपल्याच डोंगराचा फोटो मोठा करून मागे लावला. दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "आवं, हे तर आमच्या मागच्या दारातून दिसतंय. त्याला फोटो कावून काढायचा?" मामांनी हंस परत टांगले.

"त्यो पडदा बी माझा गुरू हाय," ते म्हणायचे. "त्यानं मला शिकवलं, माणसाला आपल्या मागच्या दाराची लाज वाटती. मंग मी मागच्या दाराचेच फोटो काढाया लागलो."

अंबाजोगाईहून एकदा चित्रकलेचे एक प्राध्यापक मुलाखत घ्यायला आले होते. चांगला माणूस, पण प्रश्न घरून लिहून आणलेले. त्यांनी विचारलं, "तुमच्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे?"

"कशाचा?"

"म्हणजे कुणाचं काम पाहून तुम्ही घडलात?"

मामांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "मोजणीवाल्याचं." प्राध्यापकांचं पेन थांबलं.

तरुणपणी मामा जमीन मोजणीच्या कामावर रोजंदारीने झेंडी धरायला जात. मोजणीचे साहेब शेतावर पोचले की पेटी उघडायचेच नाहीत. अर्धा तास नुसते बांधाने फिरायचे. दोन्हीकडचे भाऊ-भाऊ कुऱ्हाडी लपवून बसलेले आणि साहेब आपले हिंडतायत. "म्या एकदा म्हणलं, सायेब, ऊन वाढलं की. तर म्हणले, थांब बे. उभं कुठं ऱ्हायचं ते कळल्याबिगर काय मोजू?" जिथून शेताचे सगळे कोपरे दिसतात अशी एक जागा असते. ती सापडली की टेबल मांडायचं. मामा प्राध्यापकांना म्हणाले, "फोटोत आर्धं काम पायाचं असतं. डोळ्याचं मागून येतं. तुमी लिहा ते."

दुसरा प्रभाव चुलत्याचा. चुलते परळीत नोंदणी कचेरीसमोर लिंबाखाली बसून दस्त लिहायचे. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, गावाबाहेर जाणं बंद. जी शेतं त्यांनी आयुष्यात पाहिली नाहीत त्यांचे दस्त ते घेणाऱ्या-देणाऱ्याला विचारून लिहायचे आणि शेवटी मोठ्याने वाचून दाखवायचे. झेंडीचं काम नसेल तेव्हा मामा त्यांच्याजवळ दस्तांच्या नकला उतरवायला बसत. "चुलता वाचायचा आन् मला रान दिसायचं. पूर्वेस सामायिक विहीर, पश्चिमेस ओढा. बास. एखादा म्हणायचा, लिहा की, काळंभोर शेत हाय, सोनं पिकतं. चुलता म्हणायचा, तारीफ दस्तात चालत न्हाई."

मी तेव्हा हसले होते. माझ्या पत्रकांत तारीफ आणि शिव्या सोडून दुसरं काही नसायचं.

तिसरा प्रभाव त्यांनी सांगितला नाही, करून दाखवला. स्टुडिओच्या मागेच घर. ते आत गेले आणि सूप घेऊन आले. सोबत बाजरीची पाटी. आधी काठोकाठ भरून पाखडून दाखवली. भुसा तिथेच राहिला, बाजरी खाली सांडली. मग अर्धी काढली, पुढची बाजू मोकळी ठेवली आणि दोन झटके दिले. भुसा उडून थेट प्राध्यापकांच्या पँटवर. "माझी माय म्हणायची, सुपात मोकळी जागा ठिवली न्हाई तर घाण जायाची कुठून? फोटोचं बी तसंच हाय." म्हणूनच मामांच्या फोटोत एवढं रिकामं रान असतं, एवढं नुसतं आभाळ असतं. कोपऱ्यात एक बाभूळ, नाहीतर एक माणूस पाठमोरा.

लेख छापून आला. मथळा होता, निसर्गाचा निःशब्द उपासक. मामांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "ह्यात सूप न्हाई." मोजणीवालाही नव्हता. लिंबाखालचा चुलताही नव्हता. होतं ते ध्यान, साधना आणि पहाटेचा मंद वारा. शिकलेल्या माणसांना आमच्याकडचा माणूस सुपावरून काही शिकला हे लिहायला लाज वाटते. पडद्यावरचे हंस फक्त सिरसाळ्यातच नसतात.

पण मीही त्यांच्यातलीच निघाले. ते आता सांगते.

आमचं गाव सिरसाळ्याहून सात किलोमीटर. गावाच्या उत्तरेला गायरान आहे आणि त्याच्या मधोमध हत्तीदगड, बसलेल्या हत्तीसारखा काळा धोंडा. आमच्या वस्तीतली अकरा घरं त्या गायरानावर आज्जाच्या काळापासून ज्वारी पेरतात. आज्जाने दगड वेचले, बांध घातले. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी नोटीस आली की अतिक्रमण काढा, जागा सोलर प्रकल्पाला द्यायची आहे. गावातले एक पुढारी कंपनीच्या गाडीतून फिरायला लागले. अकरा घरांना दुसरी जमीन नाही. ही गेली की ऊसतोडीचा कोयता आणि वर्षातले सहा महिने परमुलुख. मी त्यातल्या एका घरातली. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकही वर्ष कोयता धरला नाही, ते या ज्वारीमुळे. मी बी.ए. झाले, तेही तिच्यावरच.

आमचे वकील म्हणाले, "सुनावणी लागेल. कसत होतात याचा पुरावा आणा. काहीही चालेल." अर्जासाठी सगळ्या घरांचे पासपोर्ट फोटो लागणार होते म्हणून मी त्या सगळ्यांना घेऊन मामांच्या स्टुडिओत गेले. ती आमची पहिली भेट. मामांनी गावाचं नाव विचारलं आणि पुढे म्हणाले, "हत्तीदगडाचं गायरान का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी माळ्यावरून पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढला. दर वर्षी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, झाली की दुसऱ्या दिवशी ते हत्तीदगडावर चढून चार फोटो काढत. येळवशीला माणसं रानात जेवून गेलेली असतात, दुसऱ्या दिवशी रान निवांत असतं, एवढंच कारण. एकाच दगडावरून, वर्षामागून वर्षं. वरच्या पुठ्ठ्यात आमची ज्वारी कमरेएवढी. जुन्यातल्या एकात माझे आप्पा, काळ्या केसांचे, गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर उभे.

मी तो पुठ्ठा दाराच्या उजेडात नेला. "मामा, हे मला द्या."

"दर सालाची एकेक प्रत काढून देतो. पर चारी घे. कापू नगंस."

"हो हो," मी म्हणाले आणि त्याच संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात सगळे पूर्वेकडचे फोटो कात्रीने कापून काढले.

मला बाकीच्यांचं काय करायचं होतं? दगड, डोंगर, वाट. पत्रकाला एक पान असतं. वर मी मथळा टाकला, 'आमच्या घामाचा पुरावा पाहा'. मध्ये पूर्वेकडचे फोटो. खाली एक वाक्य, जे मला फार आवडलं होतं: 'आम्ही कुणाची एक इंच वाट अडवलेली नाही.' का लिहिलं? तर त्याला ताल होता. सिरसाळ्याच्या बसथांब्यावर मी स्वतः खळ लावून पत्रकं चिकटवली. मामांच्या दुकानासमोरच्या खांबावरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सोपानआबा आमच्या विहारात आले. गायरानापलीकडे मेंढपाळांची वस्ती आहे, त्यांतले हे सगळ्यांत वडीलधारे. आमची बैठक चालू होती. ते दारातच उभे राहिले, पत्रक पुढे धरलं आणि मला विचारलं, "हे कोण लिव्हलं?"

"मी, आबा."

"तू कदी आमच्या वाटंनं आलीस का गं?"

आप्पा चटईची काडी उपसत बसले. आबा म्हणाले, "आमी सुनावणीला तुमच्याकडून बोलायला येणार व्हतो. आता आमी न्हाई येत. पुढारी म्हणतो, कंपनी वाट देती. देत न्हाई ते आमाला बी कळतं. पर ती निदान खोटं छापून चिकटवीत न्हाई." आणि ते गेले.

मी तावातावाने मामांकडे गेले. म्हटलं, मेंढपाळांना कंपनीने विकत घेतलंय. मामांनी ऐकून घेतलं. "जयभीम, पत्रकवाले," म्हणाले, "आधी पाणी पी." मग खुर्च्या बाजूला सारल्या आणि गठ्ठ्यातले पुठ्ठे ओळीने फरशीवर मांडले, सगळ्यांत जुना दाराशी, सगळ्यांत नवा हंसांच्या पायाशी. वरून एकेक वर्तमानपत्राची घडी अशी ठेवली की फक्त उत्तरेकडचा फोटो उघडा राहील.

"वाच," म्हणाले.

मी दारापासून चालत गेले. पहिल्या फोटोत मेंढपाळ वस्तीकडून तलावाकडे जाणारी वाट होती, दोन बैलगाड्या समोरासमोर निघतील एवढी. चार-पाच पुठ्ठ्यांनंतर एकच गाडी निघेल एवढी. मग एक बैल. हंसांपाशी पोचले तेव्हा वाटेवर मेंढरं एकामागं एक चालली होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. उजवीकडची पहिली पट्टी आमची होती.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. चारी घे म्हणलो."

"सुनावणीत हे दाखवणार?"

"बोलावलं तर पुठ्ठे घिऊन येईन."

"उत्तर सोडून आणा ना मामा. अकरा घरांचा प्रश्न आहे."

"तीन कसे आणू गं, पुठ्ठा एकच हाय."

"म्हणजे तुम्ही आमच्या विरोधात."

"मी दगडावर हाय," मामा म्हणाले. "तू खाली उभी हायस, म्हणून तुला इरोध दिसतो."

मी त्यांना नको ते बोलले. तुमचं काय जातं, तुम्हाला फोटो काढून घरी जायचंय, असं काहीतरी. त्यांनी पुठ्ठे उचलून गठ्ठा बांधला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो मी न पिताच निघाले.

घरी आले तर आप्पा ओसरीवर बसलेले. मी विचारलं, "आप्पा, वाट कुणी खाल्ली?"

आप्पा म्हणाले, "वाट कुणी खात न्हाई बाई. औत वळवायला जागा लागती. वळवताना एक तास पलीकडं जातं. पुढच्या साली त्याच तासावरनं परत वळतं." नांगराच्या एका रेघेला आमच्याकडे तास म्हणतात. दर वर्षी एक तास. अडवायचं म्हणून कुणी अडवली नव्हती. एकानेही मनाशी तसं ठरवलं नव्हतं, आणि वाट गेली होती. कंपनीला मी पत्रकात दरोडेखोर लिहिलं होतं. आमच्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. भांडण झालं, ते सगळं लिहीत नाही. वाटेवर ज्यांच्या पट्ट्या होत्या ती चार घरं. ज्वारी दाण्यात आलेली, आठवड्यात हुरडा झाला असता. एक काकू म्हणाली, "उभं पीक कापायचं? सुनावणी हुंद्या, सुगी हुंद्या, मंग बघू." सगळ्यांना पटण्यासारखंच होतं ते. आप्पा उठले, घरी गेले आणि विळा घेऊन सरळ रानाकडे निघाले. त्यांच्या मागून आई. संध्याकाळपर्यंत चारही घरांनी गाडीच्या रुंदीएवढी ज्वारी कापली होती. हिरवी कणसं पडलेली बघवत नव्हतं. ती सोपानआबांच्या मेंढरांनी खाल्ली. आबा बांधावर उभे होते. आप्पांना एवढंच म्हणाले, "अजून एक हात सोडा, म्हंजी कडब्याची गाडी बसंल." आप्पांनी अजून एक हात सोडला.

मी नवं पत्रक लिहिलं. 'मागच्या पत्रकातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. वाट अडली होती. आता मोकळी केली आहे.' त्याखाली माझं नाव. छापण्याआधी मामांकडे घेऊन गेले, कारण चहा न पिता आले होते. त्यांनी वाचलं, दूर धरून पाहिलं. "खोटं ज्या टायपात छापलं व्हतंस, खरं बी त्याच टायपात छाप. हे लई बारीक हाय." मी मोठ्या टायपात छापलं. आमच्या चळवळीतल्या काही जणांनी त्यासाठी मला अजून माफ केलेलं नाही. विरोधकाच्या हातात कोलीत दिलंस, म्हणतात. दिलं खरं.

कारण सुनावणीत पुढाऱ्यांनी तेच काढलं. दोन्ही पत्रकं अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, ही माणसं आज एक छापतात, उद्या दुसरं. यांच्या फोटोंवर काय विश्वास ठेवायचा?" अधिकाऱ्यांनी मामांना पुढे बोलावलं. मामांनी गठ्ठा सोडला, कात्री न लागलेला. अधिकारी एकेक पुठ्ठा बघत गेले, मग थांबले.

"हे उत्तरेकडचे फोटो तुम्ही कशाला आणलेत? हे तर या लोकांच्याच विरोधात जातात. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की सायेब," मामा म्हणाले. "म्हणून तर पूर्वेकडचे खरे हायत."

अधिकाऱ्यांनी पहिला पुठ्ठा पुन्हा उचलला. मग मागून सोपानआबा काठी टेकत पुढे आले. ते येणार आहेत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. म्हणाले, "ह्यांनी आमची वाट खाल्ली व्हती, साहेब. परवाच्याला माघारी दिली. वाट खायाला आधी रान कसावं लागतं. ह्यांचे आज्जे कसत व्हते, ते म्या मेंढरं राखताना बघितलंय. लिव्हून घ्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. नोटिशीला स्थगिती मिळाली, जागेवर पाहणीचा आदेश झाला. पाहणी झाली. तिचा अहवाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातोय आणि निकाल अजून लागलेला नाही. जिंकलो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तारीफ दस्तात चालत नाही. पण अकरा घरांनी दोन सुग्या त्यानंतर केल्या आणि एकानेही कोयता धरला नाही, एवढं लिहिता येतं.

त्या पुढच्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मला हत्तीदगडावर नेलं. त्यांना आता चढताना दम लागायचा. स्टँड मी उभा केला. मी सवयीने कॅमेरा आधी पूर्वेकडे वळवला तर म्हणाले, "थांब. आधी फिर." मी दगडावरच चारी बाजूंना फिरले. जिथून चारी दिशा सारख्या उघड्या दिसतात अशी एक वीतभर जागा तिथे आहे, दगडात त्यांनी स्टँडच्या पायांसाठी छिन्नीने तीन खळगे पाडलेत. मी त्यांत स्टँड ठेवला. मामांनी चार फोटो काढले. उत्तरेचा काढताना वाटेवरून कडब्याची गाडी चालली होती. मला वाटलं ते थांबतील, गाडी नीट मध्यावर येऊ देतील. ते थांबले नाहीत. गाडी फोटोत अर्धीच आली आहे, बाकी सगळी मोकळी वाट.

"थांबला का नाहीत?" मी विचारलं.

"गाडी येती-जाती. वाट काढायची व्हती."

श्रावणात ते गेले. दुपारी, स्टुडिओतल्या खुर्चीत, पासपोर्ट फोटो कापता कापता. कुणा मुलाचे आठ फोटो होते, पाच कापून झाले होते. उरलेले तीन त्यांच्या मुलीने कापून दिले, कारण त्याला फॉर्म भरायचा होता. पडदा अजून तिथेच आहे. हंस धुरकटलेत.

आता प्रदर्शनाचं. आयोजकांनी निमंत्रणपत्रिका छापायला घेतली आणि वर सूर्यास्ताचा फोटो टाकला. एकच. मी बीडला गेले आणि म्हणाले, चारी टाका. ते म्हणाले, "ताई, पत्रिका पोस्टकार्डाएवढी आहे. चार बसत नाहीत. बसवले तर दिसत नाहीत." मी म्हणाले, मग एकही टाकू नका. तासभर वाद झाला. सूर्यास्त पाहून लोक येतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकत नसेल. सूर्यास्त पाहून येणाऱ्यांसाठी बाजूच्या दुकानात कॅलेंडर मिळतं, हे मी त्यांना सांगितलं.

शेवटी पत्रिका बिनफोटोची निघाली. वर मामांचं नाव, खाली वेळ आणि जागा. मधल्या मोकळ्या जागेत मी चार ओळी घातल्या, मामांच्या चुलत्याच्या पद्धतीने.

पूर्वेस : ज्वारी, अकरा घरांची.

पश्चिमेस : डोंगर. सूर्य याच बाजूला मावळतो.

दक्षिणेस : दगड.

उत्तरेस : वाट. गाडी जाते.